सांगितलेलं खोरं

सीझनमध्ये गाडीवाल्याच्या घरच्यांनी गाडीत बसायचं नाही, असा त्या खोऱ्यात नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. पण बसस्टँडमागच्या झाडाखाली पर्यटकांसाठी जेवढ्या गाड्या लागत, तेवढ्यांचे मालक तो पाळत. घरचं माणूस गिऱ्हाइकाच्या सीटवर बसलं की धंदाच बसतो, असं त्यांचं म्हणणं. आणि खोऱ्यात बघण्यासारखं जे काही होतं ते नेमकं सीझनमध्येच होतं. थंडी सरली की झाडं फुलायची, वरचं बर्फ वितळून ओढ्यांना पाणी यायचं, वरचे रस्ते मोकळे व्हायचे. उन्हं तापली की सगळं वाळून जायचं आणि गाड्या ताडपत्रीखाली जायच्या. त्यामुळे लग्न होऊन इथे आल्यापासून आईने खोरं असं पाहिलंच नव्हतं. बाजार, दवाखाना, शाळा आणि नदीच्या अलीकडची चार घरं, एवढंच तिच्या पायांखालून गेलं होतं. बाकीचं तिला बाबांनी सांगितलेलं.

बाबांचं सांगणं म्हणजे काही थोडंथोडकं नव्हतं. संध्याकाळी आले की हातपाय धुऊन ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायचे आणि दिवसभराची फेरी पुन्हा एकदा पहिल्यापासून करायचे. "या मंडळी, डावीकडे बघा. घाई करू नका, पूल कुठे पळून जात नाही." यात निम्मी हौस होती, निम्मी तालीम. नवीन वाक्य सुचलं की ते आधी आईवर वापरून बघायचे. आई पाठमोरी, गॅसपाशी. तिच्या हातातलं उलथनं थांबलं तर वाक्य पास. नाही थांबलं तर बाबा स्वतःच म्हणायचे, "बरं, हे राहू दे." कधी आई मागे न बघताच दुरुस्ती करायची.

"सात धारा काय म्हणता? सात बहिणी म्हणा. धारांना कोण विचारतं?"

दुसऱ्या दिवशी धबधब्याच्या सात बहिणी व्हायच्या, त्यात थोरली समजूतदार निघायची, धाकटी रुसून बाजूला पडायची आणि गाडीतली माणसं खूश. खोऱ्यातला सगळ्यात बोलका गाडीवाला म्हणून बाबांचं नाव होतं. त्यातलं अर्धं बोलणं घरून बांधून दिलेलं असतं, हे स्टँडवर कुणाला ठाऊक नव्हतं.

बाबा थंडीत गेले. सकाळी छातीत कळ आली, मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. लेक शहरातून आली ती लांबलचक रजा टाकूनच. ती कॉलेजात शिकवायची आणि वाचन तिचं दांडगं. दुःखावर माणसांनी काय काय लिहून ठेवलंय हे ती वर्गात तासभर सांगू शकली असती. त्या स्वयंपाकघरात मात्र त्यातलं एक अक्षर कामाला आलं नाही.

सुरुवातीला आई हो-नाहीपलीकडे बोलत नव्हती. जेवायला बसायची, दोन घास खाऊन उठायची. मग एका संध्याकाळी, बाबांच्या यायच्या वेळेला, भाजी चिरता चिरता ती एकदम म्हणाली, "या मंडळी, डावीकडे बघा." लेकीच्या हातातला पेला तसाच राहिला. आईने पूल सांगितला, धबधबा सांगितला, पाणचक्की सांगितली, शेवटी पांढरा उतार सांगितला. आवाज तिचाच, सपाट, थकलेला. पण शब्द बाबांचे आणि थांबेही बाबांचे. गाडीतली माणसं जिथे हसायची, तिथे तेवढ्यापुरती आईसुद्धा थांबली. त्या दिवशी ती पोटभर जेवली. लेकही.

मग ते रोजचंच झालं. दिवस कसाही जायचा, कपाटं आवरण्यात, सह्या करण्यात, भेटायला येणाऱ्यांना चहा देण्यात. संध्याकाळी मात्र तेवढा वेळ बाबा घरात असायचे. लेक दुपारपासूनच घड्याळाकडे बघायची. आपल्याजवळ उरलंय ते एवढंच, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

कारण डॉक्टर म्हणाले, "त्यांना घराबाहेर काढा. फिरवून आणा." आणि लेकीलाही वाटलं, जी बाई रोज एवढं सांगते, तिने ते एकदा डोळ्यांनी बघायला नको का? झाडांना कळ्या आल्या होत्या. बाबांची गाडी दारातच होती. आता कसला धंदा आणि कसला नियम?

स्टँडवर बाबांचे दोस्त होते, लंबूकाका. उंची जेमतेम खांद्याएवढी, म्हणून लंबू. लेकीने त्यांना बेत सांगितला, तेव्हा ते गाडीची काच पुसत होते. पुसायचे थांबले.

"वहिनींना? सगळं दाखवणार?"

"का? बिघडलं काय त्यात?"

"बिघडलं काही नाही गं." त्यांनी कान खाजवला. "तुझ्या बाबाच्या तोंडचं खोरं आणि हे खोरं यांत जरा अंतर आहे, एवढंच. मी त्याच्या मागे गाडी लावून ऐकायचो ना. मला वाटायचं, च्यायला, हा कुठल्या गावाला गेलाय?"

लेक हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून पुढचा विचार केला नाही.

पहिल्यांदा दोघी दगडी पुलावर गेल्या. आईने ठेवणीतले कपडे काढले होते, केस नीट बांधले होते. गाडीत पुढे बसायला ती तयारच होईना. मागच्या सीटवर, खिडकीशी, गिऱ्हाइकासारखी बसली. "एवढी वर्षं बसायला मिळालं नाही, आता नीट बसू दे," म्हणाली. लेकीला वाटलं, जमलं.

पुलाचे दगड चुन्याशिवाय बसवलेत आणि कठड्याला कान लावला की नदीचा श्वास ऐकू येतो, असं बाबांचं सांगणं. पुलाला आता पिवळा लोखंडी कठडा होता. त्याच्या कडेने पाण्याचा जाड पाइप गेलेला. आईने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"एवढाच?"

"एवढाच, आई. पण जुना आहे ना."

"जुनी तर मीही आहे." तिने वाकून कठड्याला कान लावला. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. ती बराच वेळ तशीच राहिली.

"काय ऐकू येतंय?"

"ट्रक," आई म्हणाली.

दोघी हसल्या, घरी आल्या. संध्याकाळी आईने सांगायला सुरुवात केली ती धबधब्यापासून. लेकीच्या ते ध्यानात आलं, पण पूल आजच झालाय, पुन्हा कशाला, असं तिला वाटलं.

दोन-तीन दिवसांनी धबधबा झाला. दुकानांच्या रांगेतून, भिजलेल्या पायऱ्यांवरून आईचा हात धरून लेक तिला पार खाली घेऊन गेली. कड्यावरून दोन धारा पडत होत्या. त्यातली एक वाऱ्याने मध्येच विरत होती. त्यांच्यापुढे फोटो काढणाऱ्यांची ही गर्दी. आई टाचा उंचावून बघत राहिली.

"बाकीच्या बहिणी कुठे गेल्या?"

"यंदा पाणी कमी असेल."

शेजारी भाजलेले शेंगदाणे विकणारी बाई होती. तिला राहवलं नाही. "मावशी, इथे दोनच असतात. मी लहानपणापासून बघतेय. फार तर पावसात तिसरी."

"असं होय," आई म्हणाली. तिने शेंगदाण्यांचा एक पुडा घेतला आणि घरी येईपर्यंत तसाच हातात धरला.

त्या संध्याकाळी सांगणं पाणचक्कीपासून सुरू झालं. आता लेकीने मनात मोजून पाहिलं. पूल नव्हता. सात बहिणी नव्हत्या, थोरली नव्हती, रुसलेली धाकटी नव्हती. तिने उगीच विचारून पाहिलं, "आणि धबधबा, आई?"

"बघितलास ना तू. त्यात काय सांगायचं?"

इथे शहाणं माणूस थांबलं असतं. पण जे हातून सांडलं ते माणूस हातानेच सावरायला जातं. लेकीला वाटलं, एखादी तरी जागा बाबांच्या शब्दाला उतरेल, मग बाकीच्याही परत येतील. पाणचक्की अजून फिरते, हे तिने लंबूकाकांकडून पक्कं करून घेतलं. म्हाताऱ्याने कण्हावं तसं तिचं चाक कण्हतं आणि आत पाऊल टाकलं की अजून पिठाचा वास येतो, असं बाबा सांगायचे.

चाक फिरत होतं, त्यात खोटं काही नव्हतं. पण त्याच्याखाली पाणी नव्हतं.

"ओढा कधीच वळवला, आजी," तिकिटाच्या खिडकीतला माणूस म्हणाला. "आत मोटर बसवलीय. पाच वाजले की बंद. तुम्हाला फोटो काढायचा असेल तर पटकन काढून घ्या."

आई आत गेली. मान वर करून तिने वास घेतला. सगळीकडे ताज्या ऑइलपेंटचा वास होता. ती तशीच बाहेर आली. गाडीत येऊन बसली आणि पहिल्यांदाच खिडकीची काच तिने वर केली.

आता एकच जागा उरली होती, पांढरा उतार. त्याचं सांगणं मुळातच छोटं. बाबा एवढे बोलके, पण उताराबद्दल त्यांनी आईला फारसं कधी सांगितलंच नाही. "रानझाडं आहेत उतारावर. आठवडाभर फुलतात. पांढरी." बस. एकदा आईच वैतागून म्हणाली होती, "एवढ्यावर लोक तुम्हाला पैसे देतात? डोंगराने धुणं वाळत घातलंय असं तरी सांगा!" बाबा स्टुलावरून उठून उभे राहिले होते. दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या सीझनपर्यंत त्या उतारावर गाडी थांबली की ते एवढं एकच वाक्य बोलायचे. गिऱ्हाइकं टाळ्या वाजवायची आणि बाबा घरी येऊन त्या टाळ्या आईला सांगायचे.

पाणचक्कीच्या दिवशी संध्याकाळी आईने तेवढं एकच वाक्य सांगितलं आणि ताटाकडे बघत बसली. लेकीने मनाशी ठरवलं, उतार नाही. काही झालं तरी नाही. एक वाक्य तर एक वाक्य, पण ते घरात राहू दे.

"उद्या बाजारात जाऊ या का? नाहीतर नुसतंच नदीकाठी?"

"उताराला जाऊ."

"वर गार वारं असतं आई, तुझे गुडघे—"

"गुडघे माझे आहेत. उतार तेवढा राहिलाय. अर्धवट कशाला ठेवायचं?"

लेक सकाळीच लंबूकाकांकडे धावली. काका भला माणूस. घरी आले, चहाचे दोन घोट घेतले आणि आईच्या पायांकडे बघत म्हणाले, "वहिनी, वरचा रस्ता बंद आहे. दरड आलीय. मोठी आहे, आठवडाभर काही हलत नाही."

"हो का, भावजी?"

"हो ना. एवढा मोठा दगड." हात पसरून दाखवताना एक हात मध्येच कानाकडे गेला.

"तुम्ही खोटं बोलताना कान खाजवता, असं हे म्हणायचे," आई म्हणाली. "मला वाटायचं, तेही यांचं बनवलेलंच असेल. चला, एक तरी गोष्ट खरी निघाली."

काकांनी चहा अर्धाच ठेवला. जाताना लेकीला म्हणाले, "ने बाई. नाही नेलंस तर चालत जाईल ती."

रस्ता नागमोडी होता आणि सुनसान. आई मागे खिडकीशी बसली होती. लेक मनात म्हणत होती, फुलं गळून गेलेली असू दे. नाहीतर निदान फार बरी नसू दे, फार वाईट नसू दे. शेवटच्या वळणावर तिने गाडी थांबवली, उतरून मागचं दार उघडलं आणि वर पाहिलं.

उतार पायथ्यापासून थेट आभाळापर्यंत फुलला होता. पान दिसत नव्हतं, माती दिसत नव्हती. हजारो झाडं एकमेकांत मिसळून एकच पांढरं झाली होती आणि ते पांढरं जागच्या जागी सावकाश हलत होतं. मधमाश्यांचा आवाज एवढा एकसारखा होता की तो आवाज आहे हे आधी कळलंच नाही. वाऱ्याची झुळूक आली की वरच्या अंगाकडून पाकळ्या सुटायच्या आणि खाली यायला इतका वेळ घ्यायच्या की तोवर दुसरी झुळूक यायची.

आई उतरली. पहिल्या झाडाशी गेली, खोडाला हात लावून उभी राहिली. लेक जरा मागेच थांबली. तिच्या छातीवरचं ओझं हललं. ही जागा तरी कमी पडली नाही. उलट बाबांनीच कमी सांगितली होती. आज संध्याकाळी आईकडे सांगायला काहीतरी नवीन असेल, असंही तिला वाटून गेलं.

"धुणं," आई म्हणाली. "याला मी धुणं म्हटलं."

"किती छान वाक्य होतं ते, आई."

"स्वयंपाकघरात उभं राहून सुचलेलं. तिथून दुसरं काय दिसणार? धुणंच दिसणार." ती वळली नाही. "त्यांना इथे रोज दिसत होतं, की हे वाक्य तोकडं पडतंय. एकदाही बोलले नाहीत."

"त्यांना आवडायचं ते. लोकांनाही आवडायचं."

"हो, लोकांना आवडायचं. रोज चारचौघांत माझं धुणं वाळत घातलं त्यांनी. आणि मला एकदा इथे आणून उभं करावंसं वाटलं नाही."

"नियम होता ना गं तसा."

"नियम!" आई आता वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पाणी असतं तर लेकीला काय करायचं ते समजलं असतं. "नियम गाडीचा होता. मला पाय नव्हते? एखाद्या पहाटे, गिऱ्हाइकं उठायच्या आत, चालत आलो असतो दोघं. वर बसून डबा खाल्ला असता, खाली आलो असतो. गाडी कधी रिकामी राहिली नाही? एवढ्या वर्षांत एक सीट सुटली नाही?"

लेकीने नजर झाडांकडे वळवली.

"तुला आणलं होतं?"

आणलं होतं. लेक तेव्हा शाळेत होती. आयत्या वेळी एक गिऱ्हाईक आलं नाही आणि बाबांनी तिला शाळेच्या वाटेवरून उचलून पुढे बसवलं. उतारावर त्यांनी गाडी बंद केली, वाक्य म्हटलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतताना ते हळूच म्हणाले, "आईला सांगू नकोस हं. तिला वाटेल, मलाही न्या. मग रोजचंच होऊन बसेल."

नाही, एवढंच म्हणायचं होतं. लेकीने तोंड उघडलंही. पण त्या शब्दाला यायला क्षणभर उशीर झाला आणि आईने तेवढ्यात तिच्या तोंडाकडे बघून घेतलं.

"बरं," आई म्हणाली.

तेवढ्यात खालून एक गाडी आली. सात-आठ माणसं उतरली, अहाहा म्हणाली, फोन काढून विखुरली. त्यांच्यातली एक तरुण बाई यांच्याकडे आली. बाबांच्या गाडीवर खोऱ्याच्या नावाची पाटी होती, ती तिने वाचली असावी.

"काकू, तुम्ही इथल्याच ना? आमचा ड्रायव्हर काहीच सांगत नाही हो. या जागेची काही गोष्ट आहे का? अशा जागेची असतेच ना काहीतरी."

लेकीने आईकडे पाहिलं. वाक्य तिच्याही ओठांवर होतं. आईने म्हणावं म्हणून ती थांबली.

"गोष्ट काही नाही," आई म्हणाली. "झाडं आहेत. आठवडाभर फुलतात, मग गळतात."

"एवढंच?"

"एवढंच."

बाई कसनुसं हसून निघून गेली. आई गाडीकडे आली, दार स्वतःच उघडून आत बसली आणि लेक इंजिन चालू करायच्या आत तिने डोळे मिटून घेतले.

उतरताना लेक बोलत राहिली. पाय दुखतायत का, पाणी हवंय का, खिडकी लावू का.  मग अर्ध्या वाटेवर, डोळे मिटूनच, आई म्हणाली, "तुझं कॉलेज कधी सुरू होतंय?"

"अजून वेळ आहे, आई. वाढवीन मी रजा."

"नको. जा तू. इथे बसून काय करणार?"

त्या बोलण्यात राग नव्हता. रिकाम्या भांड्यावर झाकण ठेवावं तसा आवाज होता.

रस्ता सरळ झाला, दूरवर नदी दिसू लागली. लेकीने ठरवलं, आता आपणच सांगायचं. आज संध्याकाळी स्टुलावर आपण बसायचं, बाबांसारखं. तिने मनातल्या मनात पहिल्यापासून सुरुवात केली. पूल आठवायला गेली तर पिवळा कठडा आला आणि त्याच्या कडेचा पाइप. धबधब्याशी शेंगदाण्याचा पुडा आला. चाक आलं, तेही कोरडं. तिने दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरलं आणि जागा सोडून नुसता बाबांचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. तो आठवला, अगदी स्पष्ट, शेजारच्या सीटवरून यावा तसा. पण एवढं बोलणाऱ्या माणसाचं एकच वाक्य तिच्या कानात पुन्हा पुन्हा येत राहिलं. आईला सांगू नकोस हं.

मागच्या सीटवर आई डोळे मिटून बसली होती. गाडी घरापुढे थांबली तरी तिने ते उघडले नाहीत.